अद्भुतरम्य कादंबरी आणि प्रेमकथा कशी सुचवावी: बडोद्याच्या वाचकमित्रांसाठी सविस्तर मार्गदर्शन

‘काहीतरी चांगले वाचायला सांगा’ असे कोणी म्हणाले की आपण बहुतेक वेळा स्वतःला सर्वाधिक आवडलेल्या पुस्तकाचे नाव सांगून मोकळे होतो. चरित्र, प्रवासवर्णन किंवा इतिहास यांच्या बाबतीत हे बऱ्यापैकी खपून जाते, कारण विषय ठाऊक असला म्हणजे पुस्तक साधारण कसे असेल याचा अंदाज वाचकाला बांधता येतो. अद्भुतरम्य कादंबरी आणि प्रेमकथा या दोन प्रकारांत मात्र तसे होत नाही. दोन्ही प्रकार वाचकाच्या कल्पनाशक्तीला आणि भावनेला थेट हात घालतात, दोन्हींमध्ये आवडीनिवडी अत्यंत बारीक असतात, आणि एकच पुस्तक एकाला रात्रभर जागवते तर दुसऱ्याला विसाव्या पानावर मिटून ठेवावेसे वाटते. म्हणून या पुस्तकांची शिफारस करताना आधी समोरच्या वाचकाची चौकशी करावी आणि पुस्तकाचे नाव त्यानंतर उच्चारावे, असे माझे ठाम मत आहे. पुढील सगळ्या पायऱ्या त्या चौकशीवरच उभ्या आहेत.

आपल्या शहराला या कामाची जुनी सवय आहे. महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम ॲलन्सन बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावून संस्थानातील ग्रंथालयांची घडी बसवली. बडोद्याचे मध्यवर्ती ग्रंथालय त्याच काळातले, आणि खेडोपाडी पुस्तकांच्या पेट्या पाठवणारी फिरती ग्रंथालयेही त्याच काळातली. ज्या वाचकाला आपण पाहिलेले नाही त्याच्यासाठी पेटीत कोणती पुस्तके भरायची, हा प्रश्न तेव्हाच्या कर्मचाऱ्यांना सोडवावा लागत होता. आपला वाचक तर आपल्यासमोर बसलेला असतो आणि त्याला विचारता येते, एवढी मोठी सोय आपल्याला आहे.

पहिली पायरी: शेवटचे आवडलेले पुस्तक कोणते, ते विचारा

‘तुम्हाला कोणत्या प्रकारची पुस्तके आवडतात?’ हा प्रश्न टाळावा. त्याचे उत्तर देताना माणूस आपल्याला काय आवडायला हवे ते सांगतो. त्याऐवजी ‘अलीकडे कोणते पुस्तक संपल्यावर चुटपुट लागली?’ असे विचारावे आणि मग मधे न बोलता ऐकावे. पुस्तकाचे नाव फारसे महत्त्वाचे नसते, त्या पुस्तकाबद्दल बोलताना वाचक पहिल्या दोन-तीन वाक्यांत कशाचा उल्लेख करतो ते महत्त्वाचे असते.

अमेरिकेतील ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांनी वाचक पुस्तकात ज्या दारांनी शिरतो ती चार मानली आहेत: कथानक, पात्रे, स्थळ आणि भाषा. प्रत्येक पुस्तकात ही चारही दारे असतात, पण कुठले तरी एक सर्वांत रुंद असते, आणि प्रत्येक वाचकाचेही एखादे ठरलेले दार असते. एखाद्या काकू म्हणाल्या, ‘पुढे काय होणार म्हणून स्वयंपाक तसाच ठेवून वाचत बसले’, तर त्या कथानकाच्या दाराने आत गेल्या आहेत. त्यांना वर्णनात रमणारी, तीनशे पानांनंतर युद्धाला तोंड फोडणारी अद्भुतरम्य कादंबरी देणे म्हणजे त्यांचा वेळ वाया घालवणे होय. कोणी म्हणाले, ‘ती मुलगी अजून डोक्यातून जात नाही’, तर तो पात्रांचा वाचक आहे. त्याला राक्षस, तलवारी आणि राजवाडे असले काय आणि नसले काय, माणसांमधले नाते खरे वाटले पाहिजे. ‘त्या गावात जाऊन राहावेसे वाटले’ म्हणणारा वाचक अद्भुतरम्य साहित्याचा जन्मजात वाचक असतो, जरी त्याने त्या प्रकारातील एकही पुस्तक आजवर हातात घेतलेले नसले तरी. आणि जो आवडलेले वाक्य तोंडपाठ म्हणून दाखवतो, त्याला अनुवाद देताना मूळ पुस्तकाच्या कीर्तीवर विसंबू नये, तर अनुवादाची किमान दहा पाने स्वतः वाचून पाहावीत.

यानंतर एक प्रश्न आवर्जून विचारावा: ‘अर्धवट सोडलेले शेवटचे पुस्तक कोणते, आणि का सोडले?’ नावडीचे कारण माणूस आवडीपेक्षा अधिक नेमके सांगतो. ‘नावेच लक्षात राहिनात’, ‘नायक तिच्यावर सारखा ओरडत होता आणि तरी तिला तो आवडत होता’, ‘शेवटी दोघे वेगळे झाले, मग एवढे वाचले कशाला?’ अशा एकेका वाक्याने शंभर पुस्तके यादीतून वगळता येतात.

शेवटी सध्याची मनःस्थिती आणि हाताशी असलेला वेळ विचारून घ्यावा. घरात आजारपण सुरू असताना, परीक्षा तोंडावर असताना किंवा अहमदाबादला रोज रेल्वेने ये-जा करताना वाचायचे पुस्तक आणि दिवाळीच्या सुट्टीत वाचायचे पुस्तक एकच असेल असे नाही.

दुसरी पायरी: अद्भुतरम्य पुस्तकाचा उंबरठा किती उंच आहे ते पाहा

अद्भुतरम्य साहित्याच्या जाती-उपजातींची लांबलचक वर्गवारी पाठ करण्याची गरज नाही. दोन प्रश्न पुरतात. पहिला, ही कथा आपल्या जगापासून किती दूर घडते? काही पुस्तकांत आपलेच शहर असते आणि त्यात एखादी अलौकिक गोष्ट शिरते. काहींत आपल्या जगातील माणूस एखाद्या दारातून दुसऱ्या जगात जातो. आणि काहींत पहिल्या ओळीपासूनच परके आकाश, परका इतिहास आणि परकी भाषा असते. दुसरा प्रश्न, आत शिरण्यासाठी वाचकाला किती ओझे उचलावे लागते? सुरुवातीला नकाशा आणि शेवटी शब्दसूची असलेले, पहिल्या प्रकरणातच पंधरा-वीस नावे आणि चार घराणी सांगणारे पुस्तक वाईट नसते, पण ते नवख्या वाचकासाठी नसते. या प्रकाराची सवय नसलेल्या माणसाला आधी आपल्या जगाच्या जवळचे, एकाच पात्राच्या नजरेतून सांगितलेले आणि एका खंडात संपणारे पुस्तक द्यावे. तो त्यात रमला तर दूरच्या जगाकडे स्वतःहून वळतो.

जादूचे स्वरूपही विचारात घ्यावे. काही पुस्तकांत जादूला गणितासारखे नियम असतात: काय केले म्हणजे काय घडेल, आणि त्याची किंमत काय मोजावी लागेल, हे लेखक आधीच सांगून ठेवतो आणि कथेतील पेच त्या नियमांतूनच सुटतो. बुद्धिबळाची, कोड्यांची किंवा रहस्यकथांची आवड असलेल्या वाचकाला हे फार भावते. इतर पुस्तकांत जादू गूढच राहते आणि तिचे स्पष्टीकरण मिळत नाही. कवितेच्या वाचकाला ती जवळची वाटते. या दोन वाचकांच्या पुस्तकांची अदलाबदल झाली तर दोघेही निराश होतात.

‘हे सगळे परदेशी, आपल्याला नाही जमणार’ असे म्हणणाऱ्या ज्येष्ठ वाचकांसाठी रस्ता घरातूनच काढता येतो. सोमदेवाने ‘कथासरित्सागर’ अकराव्या शतकात काश्मीरच्या सूर्यमती राणीचे मन रमावे म्हणून रचला, म्हणजे तो एका विशिष्ट वाचकासाठी रचलेला ग्रंथ आहे. त्यात विद्याधर आहेत, वेताळ आहे, आणि नरवाहनदत्त या राजपुत्राच्या कितीतरी प्रेमकथाही आहेत. मराठी कादंबरीच्या आरंभकाळातील ‘मुक्तामाला’ (१८६१) ही लक्ष्मणशास्त्री हळबे यांची कादंबरीही अद्भुतरम्य वळणाचीच आहे. लहानपणी वेताळाच्या गोष्टी ऐकलेल्या माणसाला अद्भुताची गोडी नव्याने लावावी लागत नाही. ती त्याच्यात असतेच, आपण तिची आठवण करून द्यायची असते. ‘विक्रम-वेताळात शेवटी प्रश्न असायचा ना, तसा प्रत्येक प्रकरणात एक नैतिक पेच आहे’ असे सांगितले की अनोळखी पुस्तकही ओळखीचे वाटू लागते.

तिसरी पायरी: प्रेमकथेच्या शेवटाबद्दल स्पष्ट बोला

या पायरीवर थोडे थांबले पाहिजे, कारण सर्वाधिक अपेक्षाभंग इथे होतात. मराठीत प्रेमकथा म्हटले की तिचा शेवट कसाही असू शकतो. विरह, त्याग आणि मृत्यू यांना आपल्या वाचनपरंपरेत मोठा मान आहे. इंग्रजीत ज्याला ‘रोमान्स’ म्हणून विकले जाते त्या प्रकाराचे मात्र वाचकाशी ठरलेले एक वचन असते. अमेरिकेतील रोमान्स-लेखकांच्या संघटनेने त्याची दोनच लक्षणे मानली आहेत: प्रेमकथा मध्यवर्ती असणे, आणि शेवट भावनिक समाधान देणारा व आशादायी असणे. म्हणजे हे दोघे एकत्र येणार हे वाचकाला पहिल्या पानापासून माहीत असते. ते कसे येणार यासाठी तो वाचत असतो. असा वाचक तुमच्याकडे ‘प्रेमकथा’ मागत असेल आणि तुम्ही त्याला नायिका शेवटच्या प्रकरणात दगावणारी श्रेष्ठ कादंबरी दिली, तर कादंबरी कितीही श्रेष्ठ असली तरी तुम्ही त्याचा विश्वास गमावता.

बडोद्यातील उदाहरण घ्यायचे तर कन्हैयालाल मुनशी यांचे घेता येईल. ते इथल्या बडोदा कॉलेजचे विद्यार्थी, आणि त्यांच्या गुजराती ऐतिहासिक कादंबऱ्या आपल्याकडील अनेक मराठी घरांतही वाचल्या जातात. त्यांच्या ‘पृथिवीवल्लभ’मध्ये मुंज आणि मृणालवती यांची प्रेमकथा विलक्षण ताकदीची आहे, परंतु ती सुखान्त नाही. ती सुचवताना एवढे एक वाक्य सांगणे कर्तव्य आहे. त्यामुळे रहस्यभंग होईल अशी भीती बाळगू नये. शेवट सुखाचा, दुःखाचा की अनिश्चित, एवढेच सांगायचे असते. कोण, कसे आणि का, हे सांगायचे नसते.

शेवटानंतर कथेची चाल सांगावी. पहिल्याच भेटीत ओढ निर्माण होते, की दोनशे पाने नुसत्या नजरानजरेत जातात? आधी वैर आणि मग प्रेम, मैत्रीतून प्रेम, सोयीसाठी केलेल्या लग्नातून उमललेले प्रेम, तुटलेल्या नात्याला मिळालेली दुसरी संधी, असे ठरलेले साचे या प्रकारात असतात आणि वाचक त्यांची नावे घेऊन पुस्तके मागतात. साचा म्हणजे दोष असे समजण्याचे कारण नाही. भैरवीचे स्वर ठरलेले असले तरी प्रत्येक गायकाची भैरवी वेगळी असते, तसेच इथेही असते. ज्या वाचकाला लग्नानंतर उमलणारे प्रेम आवडते त्याला त्याच साच्यातील दुसरे चांगले पुस्तक सुचवणे ही उत्तम शिफारस आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे शारीरिक जवळिकीचे वर्णन. याबद्दल बोलायला आपण संकोचतो आणि मग भाचीने मावशीला दिलेले पुस्तक दोघींनाही अवघडून टाकते. यासाठी एक साधी भाषा ठरवून घ्यावी: ‘सूचक आहे’, ‘प्रसंग आहेत पण पडदा ओढून घेतला आहे’, ‘सविस्तर वर्णने आहेत’. एवढे तीन शब्दप्रयोग पुरतात. कोणतीही पातळी चांगली किंवा वाईट नसते, मात्र वाचकाला ती आधी कळली पाहिजे. त्याचबरोबर नात्यातील जबरदस्ती, पाळत ठेवणे, हिंसा, गर्भपात किंवा आत्महत्या असे काही कथेत असेल तर तेही शांतपणे सांगावे. विशेषतः नायकाची जबरदस्ती लेखकाने प्रेम म्हणून रंगवली असेल तर मी ते सांगितल्याशिवाय पुस्तक कोणाच्याही हाती देत नाही.

आणखी एक. प्रेमकथा मागणाऱ्या वाचकाला ‘हलकेफुलके आहे, टाइमपास म्हणून ठीक’ असे सांगून पुस्तक देऊ नये. ना. सी. फडके (१८९४–१९७८) यांच्या कादंबऱ्यांनी मराठी वाचकांच्या पिढ्यांना वाचनाची गोडी लावली, आणि तरीही प्रेमकथा वाचणारी माणसे आजही मुखपृष्ठ लपवून वाचतात. शिफारस करणाऱ्यानेच पुस्तकाबद्दल माफीचा सूर लावला तर वाचक आपली खरी आवड पुन्हा कधीही सांगणार नाही.

चौथी पायरी: दोन्ही प्रकार एकत्र असतील तर कणा कोणता, ते ओळखा

अलीकडे अद्भुत आणि प्रणय यांची सरमिसळ असलेल्या कादंबऱ्या तरुण वाचकांमध्ये विशेष लोकप्रिय आहेत. त्यांना ‘रोमँटसी’ हे नावही रूढ झाले आहे. त्या सुचवताना मनातल्या मनात एक परीक्षा घ्यावी. प्रेमकथा काढून टाकली तर कथानक उभे राहते का? राहत असेल तर ते मुळात अद्भुतरम्य पुस्तक आहे आणि प्रेम त्याची शोभा आहे. जादू आणि राज्यसंघर्ष काढून टाकले तरी दोघांची कथा जशीच्या तशी उरते का? उरत असेल तर ती प्रेमकथा आहे आणि अद्भुत ही तिची पार्श्वभूमी आहे. पहिल्या प्रकारचे पुस्तक प्रेमकथेच्या वाचकाला दिले तर ‘दोघे एकत्र येतातच कुठे?’ अशी तक्रार येते. दुसऱ्या प्रकारचे पुस्तक अद्भुताच्या वाचकाला दिले तर ‘युद्ध तोंडावर आले असताना हे काय चालले आहे?’ असे तो विचारतो. दोन्ही गोष्टी एकमेकींशिवाय कोसळत असतील तर ते पुस्तक दोघांनाही निर्धास्तपणे द्यावे.

पाचवी पायरी: मालिकेचा हिशोब आधीच सांगा

अद्भुतरम्य पुस्तके बहुधा मालिकेत येतात. म्हणून किती खंड आहेत, सगळे प्रसिद्ध झाले आहेत का, पहिला खंड स्वतंत्रपणे पुरा होतो की ऐन मोक्याच्या क्षणी तुटतो, हे सांगितले पाहिजे. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या गाजलेल्या मालिकेचा पहिला खंड १९९६ मध्ये आणि पाचवा २०११ मध्ये आला, आणि ती मालिका अजून अपूर्ण आहे. अपूर्ण कथेने अस्वस्थ होणाऱ्या वाचकाला हे आधी ठाऊक असायला हवे. क्रमाचाही प्रश्न असतो. सी. एस. लुईस यांच्या नार्निया मालिकेत १९५५ साली प्रसिद्ध झालेला ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’ हा भाग कथेच्या काळानुसार सर्वांत आधीचा आहे, तर प्रकाशनाच्या क्रमाने १९५० चा ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’ पहिला येतो. अशा ठिकाणी मी प्रकाशनाचा क्रम सुचवते, कारण नव्या जगाचे आश्चर्य लेखकाने ज्या क्रमाने उलगडले त्याच क्रमाने ते वाचकाला मिळावे.

प्रेमकथांच्या मालिकांत बहुधा प्रत्येक भागात वेगळे जोडपे असते, त्यामुळे कोणताही भाग आधी वाचता येतो. फक्त नंतरच्या भागात आधीची जोडपी सुखाने नांदताना दिसतात, एवढे सांगून ठेवावे.

सहावी पायरी: भाषा आणि माध्यम ठरवा

बडोद्यातील मराठी वाचक घरात मराठी, बाजारात गुजराती, आणि शाळा-कॉलेजात बरेचदा इंग्रजी किंवा गुजराती माध्यम अशा वातावरणात वाढलेला असतो. तो कोणत्या भाषेत बोलतो यावरून तो कोणत्या भाषेत सुखाने वाचतो हे कळत नाही. तीन पिढ्यांच्या घरात आजी मराठी, सून गुजराती आणि नात इंग्रजी वाचते असे सर्रास आढळते. म्हणून थेट विचारावे. देवनागरी वाचताना दमणाऱ्या तरुणाला मराठी कादंबरीचे बोलके पुस्तक ऐकायला सांगता येते, आणि त्यातून मराठी वाचनाकडे परतलेली मुले मी पाहिली आहेत. अद्भुतरम्य कादंबरी ऐकण्यात मात्र एक अडचण असते: अपरिचित नावे कानाने लक्षात राहत नाहीत आणि नकाशा दिसत नाही. अशा वेळी छापील प्रतही जवळ असावी. प्रेमकथा ऐकायला फार सोयीच्या, कारण त्यांचा जीव संवादांत असतो.

पुस्तक कुठे मिळेल हेही शिफारशीचाच भाग आहे. ते ग्रंथालयात आहे का, छपाईत आहे का, किंमत साधारण किती, आपल्याकडची प्रत देता येईल का, हे सांगितले नाही तर नाव वहीतच राहते.

सातवी पायरी: शिफारस शब्दांत मांडा

‘अप्रतिम’, ‘खिळवून ठेवणारे’, ‘वाचायलाच हवे’ हे शब्द कोणत्याही पुस्तकाला लागू पडतात, म्हणून त्यांतून काहीच कळत नाही. समजा, एका काल्पनिक कादंबरीत दर पावसाळ्यात नदीतून एक बुडालेले नगर वर येते आणि त्या नगरातील नकाशे काढणारी मुलगी व काठावरचा नावाडी यांची कथा आहे. तिची शिफारस अशी लिहिता येईल:

‘तुम्हाला मागच्या पुस्तकातील गावाचे वातावरण आवडले होते, म्हणून हे सुचवते आहे. जग आपल्यासारखेच आहे, अद्भुत गोष्ट एकच आहे आणि ती पहिल्या प्रकरणातच कळते. पहिली साठेक पाने संथ आहेत, पुढे वेग येतो. प्रेम मैत्रीतून हळूहळू उमलते, वर्णन सूचक आहे, शेवट आशादायी आहे पण त्याआधी एक मृत्यू आहे. एकाच खंडात संपते. लढाया आणि राजकारण हवे असेल तर हे पुस्तक तुमच्यासाठी नाही.’

यातील पहिले आणि शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. पहिल्या वाक्यात या वाचकालाच हे पुस्तक का, ते येते. शेवटच्या वाक्यात हे पुस्तक कोणासाठी नाही, ते येते. कोणासाठी नाही हे सांगता येत नसेल तर आपण ते पुस्तक पुरेसे ओळखत नाही, असे समजावे. एका वेळी एकच किंवा फार तर तीन पुस्तके सुचवावीत: एक वाचकाच्या आवडीला नेमके जुळणारे, एक त्याच्या थोडे पलीकडचे, आणि एक दोघांहून अगदी वेगळे. दहा-बारा नावांची यादी दिली की निवडीचे काम पुन्हा वाचकावरच पडते.

अल्पवयीन वाचकांच्या बाबतीत एक खबरदारी घ्यावी. मुखपृष्ठावर परी किंवा ड्रॅगन आहे एवढ्यावरून पुस्तक मुलांचे ठरत नाही. ते स्वतः वाचलेले नसेल तर चाळून पाहिल्याशिवाय शाळकरी मुलाला सुचवू नये.

आठवी पायरी: नंतर विचारा, आणि उत्तर लिहून ठेवा

‘वाचले का?’ असे चौथ्या दिवशी विचारले तर पुस्तक गृहपाठ होऊन बसते. महिनाभराने, सहज गप्पांत, ‘कुठपर्यंत आलात?’ असे विचारावे. पुस्तक सोडून देण्याची मुभाही आपणच द्यावी. नॅन्सी पर्ल यांचा याबाबतचा नियम उपयोगी आहे: पन्नास पाने वाचून पाहावे, आणि वय पन्नासाच्या वर असेल तर शंभरातून वय वजा करून उरतील तेवढीच पाने वाचावीत. सत्तर वर्षांच्या आजींनी तीस पानांत निर्णय घ्यावा. अद्भुतरम्य पुस्तकाचा उंबरठा उंच असेल तर मात्र ‘साठाव्या पानापर्यंत धीर धरा, तिथे कथा पकड घेते’ असे आधी सांगून ठेवणे न्यायाचे ठरते.

पुस्तक आवडले नाही तर त्याची बाजू मांडत बसू नये. कारण विचारावे आणि ते वहीत नोंदवून ठेवावे: वाचकाचे नाव, पुस्तक, काय भावले, काय खटकले, कोणत्या पानावर थांबले. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे प्रणेते शि. रा. रंगनाथन यांच्या १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या पाच सूत्रांपैकी दोन सूत्रे अशी आहेत: प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक, आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. दुसऱ्या सूत्रासाठी ही वही विशेष कामी येते. एका वाचकाने ‘फार संथ, नुसती वर्णने’ म्हणून परत केलेले पुस्तक कोणाला द्यावे, हे वहीतील दुसऱ्या पानावरच्या ‘त्या गावात जाऊन राहावेसे वाटले’ या नोंदीवरून लगेच कळते. वही दोन-तीन वर्षे नेटाने चालवली की मंडळातील नव्या सभासदालाही ती वापरता येते, फक्त वाचकाने खासगी म्हणून सांगितलेली आवड त्यात उघडपणे लिहू नये.